गाभण गाय दोन दाण्यांची

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा लखीराम चार वर्षं आफ्रिकेत राहून आला होता. पण "सिंव्ह पाह्यले का तिकडं?" असं कुणी विचारलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. सिंहांनी त्याचं काय वाकडं केलं होतं? वाकडं केलं ते त्याला तिकडं नेणाऱ्या साहेबानं.

रानातली जनावरं टिकावीत म्हणून तिथं राखीव रान करायचं होतं. एका पाणवठ्यावर कोण किती येतं, ते साहेबाला हवं होतं. तंबूत बसून लिहिणार साहेब, उन्हात बसून मोजणार लखीराम. जनावरामागं तुरीचा एक दाणा थैलीत टाकायचा. रानजनावरांची थैली वेगळी, गुरांची वेगळी. तिथला एक म्हातारा गुराखी त्याला रोज दूध पाजायचा. म्हाताऱ्यानं सांगितलं, भर दुपारी पाणी आमच्या गुरांचं, सकाळ-संध्याकाळ झेब्र्या-हरणांचं. बापजाद्यांपासून ही पाळी कुणी मोडली नाही. लखीरामनं ते जसंच्या तसं साहेबाच्या कानावर घातलं. साहेबानं मान डोलावली आणि एक अक्षर लिहिलं नाही.

त्यात लखीराममधला तांडा आडवा आला. इकडं गाभण गाय दोन मोजतात. पोटातलं वासरू मोजलं नाही तर ते जगत नाही म्हणतात. म्हाताऱ्याचं भलं व्हावं म्हणून यानं तिथंही गाभण गाईला दोन दाणे टाकले. झालं, साहेबाच्या कागदावर गुरं उदंड झाली. पाळी तर लिहिलेलीच नव्हती, म्हणून गुरांनीच रान खाल्लं असा निकाल लागला आणि गुराख्यांना पाणवठ्यावरून हाकललं. लखीरामनं पाया पडून चूक कबूल केली, तर साहेब म्हणतो, अहवाल गेला. अरे, कागद गेला म्हणून जित्या जिवांनी तहानेनं मरायचं? म्हाताऱ्याच्या निम्म्या गाई दुसरं पाणी शोधताना वाटेतच मेल्या.

आणि आता, १९३८ साली, तोच खेळ तांड्याच्या दारात. तळं काळविटांसाठी राखून गुरांना बंद करावं का, ते ठरवायला दुसरा एक साहेब आला. मोजणीला अनुभवी माणूस म्हणून बोलावलं कुणाला, तर लखीरामला.

"आधी पाण्याची पाळी लिवा," लखीराम म्हणाला. "सकाळी काळवीट, दुपारी आमची गुरं. लिवल्याबिगर मी दाणा टाकत नाही."

साहेबाचा कारकून हसला आणि स्वतःच मोजायला लागला. गुरं पाण्यावर एकमेकांत मिसळली, तो तीनदा चुकला. मग साहेबानं मुकाट्यानं पाळी लिहवून घेतली. लखीरामनं ती मानोऱ्याच्या चांद शिंप्याकडून वाचून घेतली, मगच थैली सोडली.

त्याच्या बायकोची, धनीबाईची, लाडकी कपिली गाय आली. लखीरामनं एकच दाणा टाकला.

"काहून एकच?" धनीबाई म्हणाली. "गाभण हाय ते दिसत नाही का तुमाले?"

"दिसते. पण दोन टाकून मी त्या म्हाताऱ्याच्या गाई मारल्या."

धनीबाई कपिली वेईपर्यंत त्याच्याशी धड बोलली नाही. पाळी कागदावर होती, म्हणून तळं गुरांना उघडं राहिलं. कपिलीला कालवड झाली, धडधाकट. धनीबाईनं चीक शिजवून वाटी पुढं ठेवली. लखीराम वाटीकडं पाहत बसला. त्याला म्हाताऱ्याचं दूध आठवलं, आणि त्यानं वाटी तशीच धनीबाईकडं सरकवली.