टीव्हीवरची चादर

शाळेचं कपाट आवरताना आज ती निळी चादर हाती आली. दमट, बुरशीच्या वासाची. तो वास नाकात शिरला आणि पंधरा वर्षांपूर्वीचा आठवीचा वर्ग समोर उभा राहिला.

इंग्रजी ऐकायला शिकवताना मी टीव्हीवर ही चादर टाकायची. मुलांनी आधी नुसता आवाज ऐकायचा, वाक्यं लिहायची, मग मी चादर काढून चित्र दाखवायची. या युक्तीचा मला भारी अभिमान होता. त्या दिवशीच्या सीडीत दोन माणसं बोटीवर गप्पा मारत होती. मागे इंजिनाची घरघर होती, ती मध्येच थांबली. माझं तिकडे लक्षही नव्हतं.

सगळ्यांनी संवाद उतरवला. तन्वीची वही कोरी होती.

"वाक्यं कुठे आहेत गं?" मी विचारलं.

"बाई, मशीन बंद पडला," ती हळू म्हणाली. "आता तेंका परत हाडूक कोण जातलो?"

"त्यांना परत आणायला कोण जाणार, हे इंग्रजीत सांग," मी म्हणाले.

मी चादर ओढली. पडद्यावर ती दोघं पाण्यात गळ टाकून मजेत सँडविच खात होती. इंजिन त्यांनी मुद्दामच बंद केलं होतं. वर्ग हसला. तन्वीने मान वर केलीच नाही.

आदल्या हंगामात तिच्या बाबांची होडी मशीन बंद पडून समुद्रात भरकटली होती, ती परत आलीच नाही. हे अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाही. तरी मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं, श्रवण कौशल्याच्या रकान्यात.