भिंत सरळ होती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती गेली. आता तुम्हाला सांगतो — आणि सांगताना मान खाली घालणार नाही, हे आधीच बजावतो.

लोक म्हणतात, या सुताराच्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही. म्हणू देत. प्लेग ओसरल्यावरची गोष्ट. ब्राह्मणपुरीत आप्पा पाटलांच्या जुन्या घरात मधल्या खोलीची भिंत सुपडू गवंड्यानं नव्यानं बांधली. तिच्यात चौकट आणि जुनं दार मी बसवलं. श्रावणात दार फुगलं, वरच्या कोपऱ्यात घासू लागलं. आमच्यातल्या नवख्यालाही कळतं — पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा लावायचा नसतो, दसऱ्यापर्यंत थांबायचं. पण मला प्रकाशा गावातलं दुसरं काम धरायचं होतं. मी रंधा मारला. बराच मारला.

वैशाखात लाकूड सुकलं. वर बोटभर फट, खाली काडीही जाईना. खोलीत आप्पांची सून बाळंत झालेली, आणि माजघरातून तिची खाट दिसायची. आप्पांनी आम्हा दोघांना बोलावलं.

मी म्हणालो, भिंत कलली आहे. तोंडातून निघून गेलं, असं म्हणू? नाही. वाटेतच ठरवलं होतं.

 सुपडूनं ओळंबा काढला, त्याची वजन बांधलेली दोरी भिंतीला लावली. दोरी भिंतीशी वरपासून खालपर्यंत सारखी. सगळ्यांना दिसलं. मला तर सगळ्यांत आधी दिसलं. मग मी म्हणालो, "ओयंबा बी तुन्हाच ना, सुपडूभाऊ? मंग तो तुन्हंच ऐकी."

माणसं हसली. आप्पाही हसले.

"मंग तुन्हा काढ," सुपडू म्हणाला.

"मन्हा घर ऱ्हायी गया."

घरी? माझा ओळंबा खांद्यावरच्या पिशवीत होता. बरगडीला टोचत होता. इतकी वर्षं पोटात ठेवलं ते हे — एवढंच.

आप्पांच्या सांगण्यावरून सुपडूनं आपली सरळ भिंत आपल्याच हातानं पाडली आणि पुन्हा बांधली. तेवढ्या दिवसांत मी दाराला सरसानं पट्टी सांधली, सांधा दिसू नये म्हणून वरून तेल चोळलं. दार नव्या भिंतीत चपखल बसलं. बघा, भिंतच होती — आप्पा म्हणाले. मी मान डोलावली.

त्यानंतर सुपडू जिथं कामाला जाई तिथं कोणीतरी विचारीच, "आज ओयंबा कोना शे रे?" माझा विनोद पार शहाद्यापर्यंत पोचला. दोन वर्षांनी तो बायकोपोरं घेऊन अक्कलकुव्याच्या वाटेनं गुजरातेत गेला. परत आला नाही.

तरुण होतो, पोटाची भीती होती — असं म्हणता येईल. म्हणत नाही. आप्पांनी एक शिवी हासडली असती, दार दुरुस्त करून घेतलं असतं. माझं नाव जरासं खरचटलं असतं. तेवढ्यासाठी.

आता कशाला उकरता, असं कोणी म्हणेल. का नको? इथल्या लोकांच्या तोंडी तो अजून वाकड्या भिंतीचा गवंडी आहे. तो तसा नव्हता. या भागात त्याच्याइतकी सरळ भिंत कोणी उभी केली नाही, आणि हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. ज्याला हे पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल, त्यानं खुशाल वाचावं. मी घरीच असतो.