बाबांनी बाजूला ठेवलेले डबे

आमच्या घरात बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, अर्धा तास. आई होती तोपर्यंत दिवसभराचं बोलणं ती एकटी सांभाळायची. ती गेल्यावर आम्हा दोघांकडे हा अर्धा तासच उरला, आणि तो बाबांच्या पाइपावर अवलंबून होता.

हिंगणघाटात पाइप ओढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बाबा जिनिंग मिलमध्ये कापसाचे ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहायची, ओल बोटांनीच ओळखायची, हे त्यांचं काम. यंत्रं बसवायला बाहेरून आलेला एक इंजिनियर परत जाताना त्यांना दोन पाइप आणि अर्धा डबा तंबाखू देऊन गेला. गंमत म्हणून सुरू झालेलं ते मग सुटलं नाही. डब्यांवरचा मजकूर इंग्रजी असायचा आणि मी कॉन्व्हेंटमध्ये जात होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"काय लिवलं आहे वं? वाच बरं."

मी वाचायची. पिकलेल्या चेरीचा दरवळ. जुन्या लाकडाच्या धुराची आठवण. जिभेवर रेंगाळणारा मधाचा गोडवा. बाबा एक डोळा मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "कापसाच्या दलालासारखा बोलते हा डबा."

मग परातीत कागद अंथरून आम्ही तंबाखू मिसळायला बसायचो. मी लहान होते तेव्हा त्यांना ती चेरीची गोड तंबाखू आवडायची. तिचा वास शेजारपाजारी जायचा आणि बायका आईला विचारायच्या, आज काय केलं? पुढे त्यांना तो गोडवा नको झाला. साध्या पिवळ्या व्हर्जिनिया तंबाखूवर आले, मग तिच्यात थोडी कडक बर्ली, आणि निवृत्त व्हायच्या सुमारास चुलीच्या धुरासारख्या वासाची काळी लाटाकिया. दर वेळी मी एक चिमूट जास्त घालायची, ते पाइप भरायचे, दोन झुरके घ्यायचे, आणि "जमलं" म्हणायचे. किंवा म्हणायचे नाहीत. "जमलं" म्हणाले की पुढचा अर्धा तास ते बोलत. कोणत्या गाडीवाल्यानं कापसावर पाणी मारलं होतं, कोण व्यापारी मापात कसा फसला. मी ऐकत असे.

मला उत्तर देता यायचं नाही. बाबा वऱ्हाडी बोलतात, शाळेत इंग्रजी होतं, आणि मी या दोन्हींच्या मधली पुस्तकातली मराठी बोलते. मी "मले" म्हटलं तर कुणाची तरी नक्कल केल्यासारखं वाटतं आणि "मला" म्हटलं की घरात पाहुणी आल्यासारखं. त्यामुळे मी कमी बोलते. तंबाखूबद्दल मात्र आम्हा दोघांना पुरतील एवढे शब्द होते. ओली, कोरडी, गोड, कडू, जळते, विझते.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, "आता काही चव लागत नाई."

मला ते समजल्यासारखं वाटलं. दुःखात माणसाची चव जाते असं मी धरून चालले. आवडी बदलतातच, आता पुन्हा बदलल्या असतील, आपण शोधायचं. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी लॅपटॉपवर मजकूर तपासते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. सुटीच्या दिवशी मी एसटीनं नागपूरला जाऊ लागले. तिथल्या एका जुन्या दुकानात पाइपाची तंबाखू मिळते. दुकानदार मला पाहून दर वेळी विचारायचा, "वडिलांसाठी ना?" मी मान हलवायची. परतीला जाम गावच्या चौकात बस थांबली की सगळे चहाला उतरायचे आणि मी पिशवीतला डबा मांडीवर घेऊन आतच बसायची.

घरी आणलेला डबा मी वाचून दाखवायची. बाबा ऐकायचे. दोन झुरके घ्यायचे. "बरं आहे," म्हणायचे, पाइप कठड्यावर ठेवायचे आणि चपला घालायचे.

"कुठे चाललात?"

"येतो फिरून."

डबा फडताळात जाऊन बसायचा. व्हॅनिलाचा, रमचा वास असलेला, एक नुसती कडक बर्ली. बाजूला ठेवलेल्या डब्यांची रांग वाढत गेली.

मे महिन्यात आमच्याकडे तंबाखू वाळून तिचा भुगा होतो. ओल राहावी म्हणून बाबा एरवी डब्यात संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकत आणि एका दिवसात आठवणीनं काढत, नाहीतर बुरशी धरते. त्या वर्षी त्यांनी ते केलं नाही आणि संत्री तर केव्हाच संपली होती. मी विचार केला, घरात सगळ्यात ओलसर हवा कुठे आहे? कूलरपाशी. आमचा कूलर जुना आहे, लोखंडी, खिडकीला लावलेला. बाजूंना वाळ्याच्या ताट्या आहेत, नव्या वाळ्यात जुनं गवतही कोंबलेलं. नव्या डब्यातली तंबाखू मी ताटलीत पसरली आणि आतल्या बाजूला, हवेच्या झोतापासून जरा दूर ठेवली. संध्याकाळपर्यंत ती छान मऊ झाली. बोटात दाबली की दबायची आणि सोडली की हळूच सुटायची, बाबांनी शिकवल्यासारखी. मला वाटलं, आज "जमलं" म्हणतील.

बाबांनी पाइप पेटवला. पहिला झुरका घेतला आणि ते थांबले. दुसरा घेतला. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"अवं, हे तं कूलर पेटवल्यासारखं लागून राह्यलं!"

आणि ते हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मीही हसले. मी पाइप हातात घेऊन वास घेतला, तर खरंच ओलं गवत, गंज, पाणी साचलेली टाकी, सगळं त्यात होतं. ते हसता हसता खोकले, डोळे पुसले, म्हणाले, "तुह्या आईले सांगाले पाह्यजे होतं हे." मग पाइप झटकून ठेवला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी मी धुवायला कपडे काढत होते. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात रबर लावलेली प्लास्टिकची पन्नी सापडली. आमच्या भागात तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून देतात, तो खर्रा. तोंडात धरला की जीभ, गाल, सगळं पोळून बधिर होतं. त्यावर चेरी काय आणि लाटाकिया काय, काहीच लागणार नाही. मी पन्नी पुन्हा खिशात ठेवली, मग सदरा बादलीत टाकायचा होता म्हणून बाहेर काढली, आणि शेवटी खिडकीत ठेवली. बाबांनी ती तिथून उचलली. 

तरी मी पुढच्या सुटीला नागपूरला गेलेच. सवय म्हणा. परतताना स्टँडवरून घरी चालत निघाले तर चौकातल्या पानठेल्यावर बाबा दिसले. ठेल्यावाला पाटीवर पन्नी ठेवून दोन्ही हातांनी खर्रा घोटत होता. बाबांभोवती त्यांच्या वयाची माणसं बाकावर बसलेली, आणि बाबा उभे राहून हातवारे करत कापसावर पाणी मारणाऱ्या गाडीवाल्याची गोष्ट सांगत होते. मला पाठ असलेली. पण घरी ती एवढी लांब नव्हती. घरी त्यात गाडीवाल्याची बायको नव्हती, तिचा आवाज नव्हता, बैलाची नक्कल नव्हती.

मी पलीकडच्या बंद दुकानाच्या ओट्याआड थांबले. ठेल्यापाशी मुली थांबत नाहीत, हे एक कारण होतं.

गोष्ट संपल्यावर एकानं विचारलं, "का ग्रेडरसाहेब, आज पाइप नाई? पोरगी तं नागपूरवरून आणते म्हणे, विलायती."

"आणते नं. लय मेहनत करते. पण घरी ओढून करू काय? घरी आम्ही दोघंही मुके."

"तू अन् मुका? मंग मघापासून इथं बैल कोण करून राह्यलं होतं बे?"

सगळे हसले. बाबाही हसले, पन्नीचं रबर सोडलं, चिमूट तोंडात टाकली. त्यानंतर ते बोलले नाहीत, कारण खर्रा तोंडात असला की बोलता येत नाही. मान वर करून नुसते हुंकार देत राहिले. घरी येताना ते असेच येत, तोंड भरून. दारात मी "जेवायला वाढू?" विचारलं की "अं" म्हणत. ते "अं" मी इतके महिने दुःखाचं समजत होते.

त्या दिवशी आणलेला डबा मी त्यांना दाखवला नाही. नागपूरला जाणंही बंद केलं. संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की घरात कूलरचा आवाज तेवढा असायचा. एक दिवस मी फडताळातले डबे पुसायला काढले आणि इंजिनियरनं दिलेला दुसरा पाइप हाती आला. बाबांनी तो फारसा वापरला नव्हता. मागच्या ओट्यावर, तुळशीच्या पलीकडे, जिथून रस्ता दिसत नाही तिथे मी बसले. व्हॅनिलापासून सुरुवात केली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, जीभ भाजली. दुसऱ्या दिवशी कमी भाजली. व्हॅनिला मला चार-पाच दिवसांत नकोशी झाली, वाढदिवसाच्या केकसारखी. बर्ली एकटी कोरडी वाटली. मग मी साधी व्हर्जिनिया घेऊन त्यात चिमूटभर लाटाकिया घातली, नंतर ती निम्मी केली, आणि त्या संध्याकाळी मी आपल्याशीच म्हटलं, जमलं. मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं, आणि माझा आवाज मला अनोळखी वाटला.

डब्यांची पातळी उतरत होती. बाबांच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. ओल बोटांनी ओळखणारा माणूस. पण त्यांनी डबे होते तिथेच राहू दिले आणि मीही राख तुळशीपासून लांब टाकत राहिले.

पावसाळा संपता संपता एकदा ते लवकर परतले. मागचं दार उघडलं तेव्हा पाइप माझ्या हातात होता आणि लपवायला जागा नव्हती. मी उठले नाही. पाइप विझला होता, मी काडी ओढत होते. त्यांचा गाल भरलेला होता. ते दारात उभे राहिले, काडीकडे पाहत. मी दुसरी ओढली, तिसरी. त्यांनी हातानं काहीतरी खूण केली, हळू किंवा थांब अशी, मला कळली नाही. पुन्हा केली. मग मान वर करून "अं, अं" म्हणाले.

"काय म्हणता, बाबा? मला समजलं नाही."

ते कुंपणापाशी गेले. थुंकले. खर्रा अजून नवा होता, घोटून फार वेळ झाला नसावा. नळाशी जाऊन त्यांनी चुळा भरल्या, एक, आणखी एक, बोटानं गाल साफ केला, आणि टॉवेलला तोंड पुसत माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. पाइप घेतला. वरची तंबाखू नखानं उकरली, बाकीची बोटानं सैल केली, वास घेतला.

"लय दाबून भरलं तू," ते म्हणाले. "श्वास घ्याले जागा नाई त्याले. मंग विझन नाई तं काय करन?"

"लाटाकिया थोडीच घातली आहे."

"समजलं मले."

त्यांनी पाइप माझ्या हाती परत दिला आणि काडी पेटवून त्यावर धरली, स्वतः ओढला नाही. अंधार पडेपर्यंत बसले. गाडीवाल्याची गोष्ट सांगितली नाही. कूलरच्या ताट्या आता काढून ठेवाव्या लागतील एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो, रविवारी काढू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या आणि ते ठेल्यावर गेले. मी मागच्या ओट्यावर बसले आणि पाइप जरा सैल भरला.