हमामाच्या नळात वीस लिटर

पाइपाला कान लावून पाणी किती मिनिटांत येईल हे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो गारखेड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. उभी हयात नळजोडणीत गेलेली, निवृत्तीनंतरही पान्हा उशाशी. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी चाचा आधी अंदाज सांगायचे आणि मग वरून सारखे विचारायचे, "भाऊ, आलं का?" मी कॅलेंडरच्या पाठीमागं दोन रकाने आखले होते: अंदाज आणि प्रत्यक्ष. सव्वीसपैकी तेवीस अंदाज बरोबर निघाले. उरलेल्या तीन वेळा, चाचांच्या मते, पाणी चुकलं.

एकदा माझ्या मुलीनं त्यांना मोबाइलवर रोमन लोकांच्या प्राचीन स्नानगृहाचे अवशेष दाखवले. खांब, कमानी सगळं बोटानं बाजूला सारून चाचा म्हणाले, "बेटी, इसमें नल किदर है?" नळ दिसेना. "छोडो! आपल्या दौलताबादच्या हमामात मातीचे नळ आहेत. एक बार उनमें पानी चलता देखना है." घाई होती. रविवारी मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता.

दुसऱ्याच दिवशी वीस लिटरचा कॅन घेऊन आम्ही रिक्षात बसलो. चाची गॅलरीतून ओरडल्या, "पीने का पानी खंडर को पिलाने चले!"

पडक्या हमामात चाचा वर नळाच्या तोंडाशी बसले आणि मी खाली कोरड्या हौदाशी, घड्याळ धरून. पहारेकरी धावत आला. "चाचा, किल्ला हाय ह्यो, तुमची मोरी नाय!"

"दोन मिन्टं, बेटा. तुंबलाय का बघतो," चाचा म्हणाले, जणू कुणाची तक्रारच आली होती.

पाच लिटर गेले. "आलं का?" नाही. दहा गेले. "भाऊ, आलं का?" नाही. पंधरा. आता चाचांचा आवाज उतरला. एवढ्यात भिंतीला कान लावून बसलेला पहारेकरीच ओरडला, "थांबा, गुडगुडतंय!" आधी माती पडली, मग मुंग्या, आणि मग करंगळीएवढी धार! आम्ही दोघं एकदम ओरडलो, "आलं!" गुडघे सावरत चाचा खाली पोचेस्तोवर धार थांबली होती. त्यांनी ओल्या दगडावरून नुसता हात फिरवला.

मी वर पळालो आणि उरलेले पाच लिटर एका दमात ओतले. "चाचा, आलं का?" पुन्हा विचारलं. वाकून पाहिलं तर धारेखाली ओंजळ धरून चाचा बसलेले.

परवा पाणी आलं, सहा वाजून दहा मिनिटांनी. मी वेळ लिहिली. शेजारचा रकाना त्या रविवारपासून रिकामाच आहे.