डाव्या चाकाचा आवाज

गाडीतून आवाज यायला लागला तेव्हा मी तो आधी रस्त्याच्या नावावर खपवला. पण परभणीच्या वाटेवर गुळगुळीत पट्टा लागला तरी घुंघुं चालूच. वेग वाढला की वाढायची, उतरला की उतरायची. क्लच दाबून बघितला, फरक नाही. म्हणजे इंजिन नव्हे, चाकाचं बेरिंग. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला एवढं उत्तर काढता येतं.

दर गुरुवारी मी मानवतहून परभणीला जातो. काम काही नसतं. मानवतलाही मिळते तीच भाजी तिथून आणतो आणि ठरलेल्या हॉटेलात चहा पितो. बायको होती तेव्हा दोघं जायचो. ती माझ्या डावीकडे बसून जाताना-येताना बोलत राहायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडीत फार सुनं वाटतं. घरातल्यापेक्षा जास्त. पुण्यातला मुलगा सारखा म्हणतो, बाबा, गाडी विका, या वयात एकट्याने चालवू नका. गाडी गेली की गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला तर आठवडाभर मी कुणाशी बोलणारच नाही. म्हणून हे प्रकरण त्याच्या कानावर जायच्या आत मला निस्तरायचं होतं.

बसस्टँडमागच्या गल्लीतला मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. नववीत असताना त्याने एकदा फळ्यावरची माझी चूक दाखवली होती आणि मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं होतं. चूक खरोखरच झालेली होती. त्याला ते आठवतं की नाही, माहीत नव्हतं. मला आठवतं.

तो म्हणाला, आधी एक चक्कर मारून बघू. मी म्हणालो, गरज नाही, पुढचं उजवं चाक आहे. त्याने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं आतल्या स्प्रिंगवर ठेवून बराच वेळ बसून राहिला. बेरिंग खराब असलं की त्याची थरथर तिथे बोटांना लागते म्हणे. हे तर चांगलं फिरायलंय, असं काहीसं तो पुटपुटला. मी विचारलं, या गाडीत तू बसतोस की मी? इकडे सरांना कोण उलटून बोलणार? त्याने मुकाट्याने चाकामागचा हब काढला, जुनं बेरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलं, नवं बसवलं आणि जुनं पेपरात गुंडाळून डिकीत ठेवलं.

पुढच्या गुरुवारी घुंघुं जशीच्या तशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी परभणीला न जाता अर्ध्या वाटेतून मागे फिरलो आणि त्याच्यावर डाफरायला थेट गॅरेज गाठलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि माझ्या डावीकडे येऊन बसला. त्या जागेवर तीन वर्षांत भाजीच्या पिशवीशिवाय कुणी बसलं नव्हतं. गावाबाहेर मोकळा रस्ता लागल्यावर त्याने मला गाडी थोडी उजवीकडे, मग थोडी डावीकडे घ्यायला सांगितली. उजवीकडे घेतली की भार डाव्या चाकावर येतो, त्यावरून दोषी चाक कळतं. आवाज कमीजास्त होतोय हे मलाही कळत होतं, पण दर वेळी तो माझ्या उजव्या खिडकीतूनच येत होता. मी तसं ठामपणे सांगितलं.

थोड्या वेळाने त्याने माझ्या कोपराला हात लावून गाडी थांबवायची खूण केली. मी वळून बघितलं, तर तो माझ्याकडेच बघत होता.

"सर, म्या दोनदा इचारलं तुमाला. तुमी बोल्लाच न्हाई."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने माझ्या डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली, मग हात लांबवून उजव्या कानाजवळ. उजवीकडे खसखस ऐकू आली. डावीकडे काही नाही. मग तो खाली उतरला, पुढून वळसा घालून माझ्या उजव्या खिडकीशी आला आणि वाकून हळूच म्हणाला, "आवाज डाव्या चाकाचा हाय, सर."

कान कधी गेला, देव जाणे. फोन मी उजव्याच कानाला लावतो. उजव्या कुशीवर झोपलं की गाढ झोप लागते, याची मी मुलाकडे बढाईही मारली होती. ती असती तर एका दिवसात पकडलं असतं, आणि वर, ऐकून न ऐकल्यासारखं करता, म्हणून भांडलीही असती. डावीकडून मला हाक मारणारंच कुणी उरलं नव्हतं, तर कळणार कसं? गाडीत जे सुनं वाटायचं, त्यातलं किती तिच्या जाण्याचं आणि किती कानाचं, हे गणित मला सुटेना. स्टिअरिंग धरून बसलो आणि रडलो. तो खिडकीशी उभा होता, रस्त्याकडे तोंड करून.

संध्याकाळपर्यंत डावं बेरिंग बदलून झालं. जुनं त्याने माझ्या हातावर ठेवलं. फिरवलं की खरखर बोटांना लागत होती. मी त्याला म्हणालो, "नववीतही तूच बरोबर होतास."

"माहिती हाय, सर," तो म्हणाला.

घरी येताना गाडी अगदी शांत होती. पोचतो तोच मुलाचा फोन आला. मी तो मुद्दाम डाव्या कानाला लावला आणि जरा वेळ तसाच बसलो. मग उजव्या कानाला घेतला. बाबा, ऐकताय ना, असं तो विचारत होता.

लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. मी त्याला चाकाचं सांगितलं, मग कानाचं. गाडी विका, असं मात्र तो या वेळी म्हणाला नाही.

"एखाद्या गुरुवारी ये," मी म्हणालो. "गाडी तू चालव. मी डावीकडे बसतो, म्हणजे तू बोललास तर मला ऐकू येईल."