सात फोडींचा क्लोरीन

रसायनशास्त्रामुळे अर्ध्या ताटावरून उठलेला पाहुणा बहुधा आमच्याच घरात सापडेल.

रविवार होता. पेठ वडगावहून माझा धाकटा मेहुणा तानाजी आला होता, म्हणून मटण शिजलं होतं. (डॉक्टरांनी मला दोनच फोडींची परवानगी दिली होती. ती मी दर वाढपाला नव्याने वापरत होतो!) लेक अन्वी दहावीत. सोमवारी तिचा विज्ञानाचा पेपर, आणि मागच्या वेळी याच धड्यानं तिला नापास केलेलं. बिचारी पुस्तक मांडीवर घेऊनच जेवत होती.

"अप्पा, हा आयनिक बंध डोक्यात शिरंना बघा."

तिचे डोळे भरलेले बघून मला राहवेना.

"सोपं हाय की. सोडियमच्या आतल्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, भायेरच्या कक्षेत एकच. क्लोरीनच्या भायेर सात. आठ झाल्याबिगर त्याला चैन न्हाय. समज, मामा क्लोरीन." मी तानाजीच्या ताटावर वाकलो आणि बोटानं मोजलं, "एक, दोन, तीन... सात."

आमच्याकडं पाहुण्याला शिवी दिली तर तो हसून परत देतो. पण त्याच्या ताटातल्या फोडी मोजायच्या नसतात.

"दाजी," तानाजीनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, "मोजून घालणार हुता तर बोलावलं कशाला? आमच्यात काय बकरी मेल्यात व्हय?" आणि तो उठून चपला शोधायला लागला.

"तुमाला कुणी शिकवाय सांगितलंतं?" बायको कडाडली.

तेवढ्यात अन्वीनं माझ्या ताटातली उरलेली एकुलती फोड उचलून मामाच्या ताटात टाकली.

"मामा, तुमाला एक कमी पडत हुती. सोडियमनं दिली, तुमी घेतली. देणारा धन झाला, घेणारा ऋण. आता दोघं एकमेकाला वढून धरणार. व्हय न्हवं अप्पा?"

पोरीला समजलं होतं! मला इतका आनंद झाला की फोड गेल्याचं दुःखही झालं नाही.

एका पायात चप्पल घातलेला तानाजी म्हणाला, "म्हंजे आठवी माझीच? मग बसतो की."

"थांब अन्वी," बायको म्हणाली, "सोडियमच्या आत किती असत्यात म्हणाले तुजे अप्पा?"

"आठ. अप्पांच्या पोटात गेल्यात. मी मोजल्यात की."

अन्वी चांगल्या मार्कांनी पास झाली. मला मात्र तेव्हापासून मटणाच्या दिवशी नुसता रस्सा मिळतो. इलेक्ट्रॉन देऊन बसलेल्या सोडियमला आणखी काही लागत नाही, असं बायको म्हणते. आणि हे तिला मीच शिकवलं.