पाच जणांची गर्दी

"लटकवा त्याला! बघता काय, लटकवा!"

द्रौपदी वाव्हळ अशी काही ओरडली की काचेपलीकडे रेकॉर्डिंगला बसलेल्या सिद्धेशने कानावरचे हेडफोन बाजूला केले आणि कान चोळला. बाई सत्तावन्न वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की घाटकोपरच्या टेकडीवरच्या तिच्या घरातून हाक मारली तर खालच्या रिक्षा स्टँडवरचा माणूस मान वर करून बघतो.

लटकवायचं कोणाला, तर एका दाढीवाल्या, गुरं पाळणाऱ्या गोऱ्या माणसाला. सिनेमा पन्नास वर्षांपूर्वीचा. गोष्ट अमेरिकेतल्या माळरानाची, शूटिंग स्पेनमधलं, पैसा इटलीचा आणि हिरो जर्मन. प्रत्येकाने आपापल्या भाषेत तोंड हलवलेलं, त्यामुळे ओठ कुठल्याच भाषेला धड बसत नाहीत. असला हा चार देशांचा कारभार एका टीव्ही चॅनलला मराठीत हवा होता, आणि ते काम मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्टुडिओकडे आलं होतं.

सिनेमात त्या गुरंवाल्यावर आळ येतो की त्याने शेजारच्या बड्या जमीनदाराची तीनशे गुरं चोरली. त्याने काही केलेलं नसतं. पण सगळं गाव झाडाखाली जमतं, दोर टांगला जातो आणि शेरीफ म्हणतो, कबूल कर, नदीपलीकडे निघून जा, जीव वाचेल. तो नाही म्हणतो. मग गाव ओरडतं. ते गाव म्हणजे आपली द्रौपदी आणि तिच्यासोबतचे चौघे.

गर्दीचे आवाज देणाऱ्यांना या धंद्यात नुसतं 'क्राउड' म्हणतात. पाच माणसं काचेच्या बूथमध्ये उभी करायची, एकदा ओरडायला लावायचं, मग आवाज बदलून दुसऱ्यांदा, जागा बदलून तिसऱ्यांदा, असं सात-आठ वेळा. नंतर सगळं एकावर एक बसवलं की झाले चाळीस जण. द्रौपदी बावीस वर्षं हेच करत होती. लग्नात ती वरमाय होती, मयतीत रडणारी होती, पूर आला तेव्हा बुडणारी होती, बाजारात कोथिंबीर विकणारी होती. शेवटच्या पाट्यांमध्ये नाव म्हणाल, तर एकदाही नाही. जावई एकदा म्हणाला, "पण आई, तुम्ही नक्की दिसता कुठे?" तिने त्याला वरण वाढलं आणि म्हणाली, "जेवा."

आवाज तिला घरातूनच मिळाला. वडील जालन्याकडून आलेले, वस्तीतल्या जलशात पुढे उभे राहून गायचे. चौदा एप्रिलला माइक बंद पडला की लोक पोरीला पुढे ढकलायचे. नवरा भीमराज गेला तेव्हा पदरात दोन मुली होत्या. कोणीतरी म्हणालं, मरोळला ओरडायचं काम आहे, येतेस का. ती गेली, ओरडली आणि तिथलीच झाली. कामावर जाताना सुती साडीच नेसायची, कारण दुसऱ्या कापडाची सळसळ माइकला लगेच कळते. बांगड्या दाराशीच काढून रुमालात बांधायच्या. खायचं ते काम संपल्यावर, कारण रिकाम्या पोटाची गुरगुर चालते, पण ढेकर नाही चालत. कामाची इज्जत करावी तर तिनेच.

आता झालं काय, सिनेमा टीव्हीवर यायला अजून महिना होता आणि फाशीच्या प्रसंगातला पंधरा सेकंदांचा मराठी आवाज मोबाईलवर फिरायला लागला. पोरांनी तो कुठल्या कुठल्या व्हिडिओला चिकटवला. क्रिकेटमध्ये कोणी झेल सोडला की पाठून गर्दी ओरडते, "लटकवा त्याला!" लोक हसून लोळले. चॅनल मात्र हसलं नाही. त्यांनी स्टुडिओला विचारलं, आमचा माल बाहेर गेला कसा?

स्टुडिओ चालवणारे चंद्रप्रकाश सर. तसा माणूस वाईट नाही, पण वरून दम आला की खाली कोणाच्या तरी डोक्यावर तो उतरवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी पाचही जणांना बोलावलं, सगळ्यांसमोर क्लिप वाजवली आणि थांबवली.

"सगळ्यात वर आवाज कोणाचा आहे?"

आवाज द्रौपदीचा होता. लपून राहणारा का तो.

"फोन ज्याच्याजवळ, त्याचा आवाज मोठा येणार," सर म्हणाले. "द्रौपदीबाई, त्या दिवशी तुमचा फोन बाहेरच्या कप्प्यात नव्हता. खरं की नाही?"

खरं होतं. बूथमध्ये फोन न्यायचा नाही हा नियम, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने तो मोडला होता. प्रियंकाला, धाकटीला, नववा महिना लागला होता, कधी फोन येईल नेम नव्हता.

"होता कमरेला," ती म्हणाली. "आवाज बंद करून. पण मी रेकॉर्ड-बिकॉर्ड काही केलं नाही सर. मला ते येतही नाही."

"तुम्हाला येत नसेल. तुमच्या वस्तीतल्या पोरांना येतं ना? त्यांचे ते ग्रुप असतात, टोळक्यांचे."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते द्रौपदीला त्या मिनिटाला समजलं. तिच्या वस्तीतली पोरं! त्यातलं एक रेल्वेत आहे, एक बँकेत आहे, दोघी नर्स आहेत. पण तिने तोंड उघडायच्या आत सरांनी आवाज एकदम मऊ केला. पोलीस वगैरे काही नको, म्हणाले. एक कागद लिहून द्या. 'माझ्या फोनवर चुकून रेकॉर्ड झालं आणि घरातल्या मुलाकडून पुढे गेलं, मी माफी मागते.' चॅनलचं समाधान होईल. शिवाय त्यांना त्या प्रसंगातली वाक्यं आता बदलून हवी आहेत, तर गुरुवारी या, सही करा आणि लगेच रेकॉर्डिंगला उभ्या राहा. तुमचं काम चालूच राहील.

बाकीचे चौघे उठून चपला शोधायला लागले. बाहेर पडल्यावर राजारामने तिला गाठलं. हा वाकोल्याचा, बाप गिरणीत होता, मूळचा मालवणकडचा. बोलताना भावना आल्या की मालवणीवर घसरतो. बावीसपैकी अठरा वर्षं तो तिच्या डाव्या हाताला उभा राहून ओरडत आलेला.

"गो द्रौपदे, सही कर आणि मोकळी हो. कागदाक कोण विचारता? आपल्याक काम मिळाल्याशी मतलब."

"तू केली असतीस?"

"डोळे मिटून केलंय असतंय."

"मग तू कर ना माझ्या वाटची," ती म्हणाली आणि मेट्रोच्या जिन्याकडे चालायला लागली.

म्हणायला म्हणाली, पण घरी आल्यावर तिचाही धीर सुटला. सही केली नाही तर मरोळचं दार बंद, आणि मरोळने चोर म्हटलं की अंधेरीपासून मालाडपर्यंत एकही स्टुडिओ उभी करणार नाही. सही केली तर चोर म्हणून उभं राहायचं. तिला तो दाढीवाला गुरंवाला आठवला. त्या दिवशी बूथमध्ये ती मनात म्हणाली होती, कसला हा अडेलतट्टू, हो म्हण ना बाबा, जा ना नदीपलीकडे, कोणाचं काय जातंय. आणि मग घशाच्या शिरा ताणून त्याला लटकवायला सांगितलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. सिनेमातल्या माणसापुढे लाज वाटणं हा वेडेपणा आहे हे कळत होतं, तरी वाटली.

तिने प्रियंकाला सांगितलं, ती क्लिप मला ऐकव. प्रियंकाला बाळंतपणाला आता आठवडाच उरला होता, पाय पसरून बसली होती. तिने लावली.

"परत लाव."

दहा वेळा लावली. प्रियंका म्हणाली, "आई, किती त्रास करून घेशील. सोड ना यार."

"थांब गं. ही म्हातारी कोण?"

"कुठली म्हातारी?"

"हीच, खोकत ओरडतेय ती. आणि पाठीमागे ही चिरकी पोरगी. आणि ही मोठ्याने ओरडणारी बाई." द्रौपदीने फोन कानाला दाबून धरला. "अगं, तिन्ही मीच आहे. आणि तिघीही एकाच वेळी ओरडतायत."

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? नाहीच येणार. पाचाचे चाळीस करण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या कानाला चाळीसच खरे वाटतात. चंद्रप्रकाश सरांनी ऐकलं, राजारामने ऐकलं, तिनेही ऐकलं, आणि सगळ्यांना ते नेहमीसारखं वाटलं. बाहेरच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने पहिल्या फटक्यात सांगितलं असतं की ही एवढी मोठी गर्दी आहे.

गुरुवारी ती सुती साडी नेसून मरोळला गेली. बांगड्या काढून रुमालात बांधल्या. फोन कप्प्यात ठेवला. टेबलावर कागद तयार होता, टाइप केलेला, खाली तिच्या नावापुढे जागा सोडलेली. सरांनी पेन पुढे केलं.

"आधी क्लिप लावा," ती म्हणाली.

"आता कशाला? विषय संपवू या ना."

"लावा सर. आणि हे चौघे इथेच थांबतील. माझ्यावर आळ घेतलात तेव्हा होते ना हे? मग आताही ऐकू दे."

सिद्धेशने लावली. पण त्याआधी दोनदा चुकीचं बटण दाबलं. ते द्रौपदीने बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

"त्या दिवशी बूथमध्ये आम्ही किती जण होतो?"

"पाच," सर म्हणाले.

"आणि यात किती जण ओरडतायत?"

राजारामने कपाळाला हात लावला. "आवशीक," मालवणी शिवी अर्ध्यावर सोडून तो पुटपुटला.

"माझा फोन माझ्या कमरेला होता," द्रौपदी म्हणाली. "त्याने ऐकलं असतं तर पाच जणांना ऐकलं असतं. यात मी एकटी तीन वेळा आहे. म्हातारी, पोरगी आणि ही. एका तोंडाने मी एका वेळी तीनदा ओरडते का? हे सगळं एकावर एक बसवल्यानंतरचं आहे. तोवर आम्ही आपापल्या घरी जाऊन भात लावलेला असतो. बसवलेलं आम्हाला कधी कोणी ऐकवतसुद्धा नाही."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि सिद्धेश उभा राहिला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, तिला मावशी म्हणायचा.

"सर, माझ्याकडून गेलं," तो म्हणाला. "चांगलं बसलं होतं म्हणून एका मित्राला ऐकवायला पाठवलं. त्याने पुढे टाकलं. मावशी, मी बोलणार होतो. घाबरलो."

द्रौपदीला त्याचा राग आला आणि कीवही आली. पण सरांनी जे केलं त्याने तिचा राग भलतीकडेच वळला. सरांनी सुस्कारा सोडला, सिद्धेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे रे, होते चूक. चॅनलचं मी बघतो काहीतरी. चला, द्रौपदीबाई, तुमचं पण मिटलं. उभ्या राहा सगळे, उशीर झालाय."

"त्याची चूक," ती म्हणाली, "आणि माझी चोरी?"

"आता शब्द कशाला धरता? कागद फाडतो मी, हे बघा."

"कागदावर सही झालीच नव्हती, तो फाडून काय उपयोग? चॅनलला माझं नाव कळवलंत ना तुम्ही?"

सर कागदाचे तुकडे गोळा करायला लागले. म्हणजे कळवलं होतं. ते म्हणाले, "काम झाल्यावर बोलू." द्रौपदी बूथमध्ये गेली. चौघे पाठोपाठ गेले. सगळ्यांनी हेडफोन चढवले. पडद्यावर झाड आलं, दोर आला, तो दाढीवाला मान ताठ ठेवून उभा होता. खूण झाली.

द्रौपदी ओरडली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली.

डावीकडे राजाराम तोंड उघडून तयार होता. त्याने तिच्याकडे बघितलं, तोंड मिटलं, हेडफोन उतरवले आणि स्टुलावर ठेवून दिले. मग बाकीच्या तिघांनीही उतरवले. पडद्यावरचं गाव नुसतीच तोंडं हलवत राहिलं.

"काय चाललंय?" सरांचा आवाज बाहेरच्या माइकवरून आत आला.

"तुम्ही बोला आधी," द्रौपदी म्हणाली. "तिथूनच बोला, त्या माइकवरून."

काचेपलीकडे सरांनी घड्याळ बघितलं, पाण्याचा घोट घेतला, मग मान खाली घालून म्हणाले, "ती क्लिप द्रौपदीबाईंनी पाठवली नव्हती. गैरसमज झाला होता."

"दिवा लागला नव्हता सर."

"कसला दिवा?"

"रेकॉर्डिंगचा लाल दिवा. आणि तुमचा आवाज पडलेला होता. परत घ्या. मान वर करून, माझं पूर्ण नाव घेऊन. आणि गैरसमज नाही, जे केलंत ते म्हणा."

सरांनी सिद्धेशकडे बघितलं. सिद्धेशने त्यांच्याकडे न बघताच बटण दाबलं. लाल दिवा लागला.

सर माइकच्या जवळ सरकले. मग मान वर करून म्हणाले, "द्रौपदी भीमराज वाव्हळ यांनी चोरी केलेली नाही. त्यांच्यावर मी खोटा आळ घेतला."

द्रौपदीने शेवटपर्यंत त्यांच्या डोळ्यांत बघितलं. दिवा विझला तेव्हा तिने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. राजारामही भिंतीला टेकून खाली बसला.

"हे चॅनलला पाठवा," ती म्हणाली. "गेलं की सांगा. मग ओरडतो आम्ही."